सत्तावीस नंबरची नळी

जुन्नर, सदाबाजार पेठ
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. दानियाल,

अनेक आशीर्वाद. साडेसात वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस आणि मागच्या ईदपासून तर तो लागतही नाही. म्हणून हे पत्र तुझ्या गोव्याच्या संस्थेच्या पत्त्यावर. रजिस्टर बंद झालं म्हणे, म्हणून स्पीड पोस्टाने. घेताना सही करावी लागेल. धाकट्या भावाची एवढी सही तरी पदरात पडेल.

घाबरू नकोस, रडारडीचा मजकूर नाही. कामाचं पत्र आहे.

आज दुपारी शाळेतून आले तर पोस्टमन ओट्यावर नाक दाबून बसलेला. म्हणाला, "मॅडम, आधी हे घ्या. सकाळपास्नं आख्खी पिशवी वास मारतीये. आन् नाव बघा कुणाचं हाय." बघितलं. श्री. राजमहंमद, सदाबाजार पेठ, जुन्नर.

अब्बांना जाऊन साडेसात वर्षं झाली. त्यांच्या नावाने आता विजेचं बिलसुद्धा येत नाही, ते मी खटपट करून माझ्या नावावर केलं. पोस्टमन म्हणाला, "परत पाठवू का? मयत असा शेरा मारतो." मी म्हटलं, "थांबा हो, इतक्यात नको." जणू काही शेरा मारला नाही तर माणूस उठून बसेल.

आत सुक्या बोंबलाच्या कागदात गुंडाळलेली एक नळी निघाली. माझ्या करंगळीहून थोडी जाड, वीतभर नाही. एका टोकाला दोऱ्यासारखा लांब देठ. अंगावर मळकट पिवळं कीट. आणि एक चिठ्ठी. हर्णै बंदरावरची भागू नावाची बाई आहे. तिच्या सुनेने लिहिलंय, जसंच्या तसं देते:

"काकांना नमस्कार. आमची बोट लांब गेलेली, बारा दिवसांनी आली. मोठ्या डोळ्यांचा कुपा होता, मी कापला, पोटात ही तुमची वस्तू मिळाली. वरती तुमचं नाव-गाव घातलेलं आहे. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याच्या घरात राहू नये म्हणून पाठवते. मासा तुमचा होता हे माहीत नव्हतं, माफी असावी. काका, तुम्ही आहात ना? नक्की कळवा."

मासा तुमचा होता! अब्बा ऐकायला हवे होते. आणि "तुम्ही आहात ना" हा प्रश्न त्या बाईला का पडावा, कळलं नाही. मनापासून विचारलाय, एवढं खरं.

माशाच्या पोटातून खूण परत येते आणि विसरलेल्याला सगळं आठवतं, ही गोष्ट मी नववीच्या पोरांना पंचवीस वर्षं शिकवतेय. आजवर एकानेही विश्वास ठेवला नाही. मीही फारसा ठेवत नव्हते.

तर ही तुझी वस्तू. कुठे पाठवू, कशी पाठवू, ते दोन ओळीत कळव. तोवर शेजारच्या मांजरीपासून तिचं रक्षण करते आहे.

तुझी,
सायराआपा


गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. दानियाल,

पोचपावती आली. सहीचा तो द कुठेही ओळखीन, पहिलीत मीच हात धरून गिरवून घेतला होता. उत्तर मात्र नाही. ठीक आहे. समुद्रावर गेला असशील, असं मी शेजाऱ्यांना सांगते. साडेसात वर्षं तू समुद्रावरच आहेस. एवढ्यात अगस्तींनी तो पिऊन संपवला असता.

नळी फडताळात ठेवली आहे, अब्बांच्या मशीनशेजारी. मशीन म्हणजे दुकानातलं, भांड्यांवर नाव घालायचं. ते मी विकलं नाही. रोज बघते आणि २०१८ चा जानेवारी आठवतो.

तू चाळीस नळ्या घेऊन आला होतास. म्हणालास, अब्बा, यांच्यावर मराठीत पत्ता कोरून द्या, आपल्या बाजूच्या कोळ्यांना सापडल्या तर वाचता आल्या पाहिजेत. पत्ता कुठला, म्हटल्यावर म्हणालास, आपलाच, माझी नोकरी अकरा-अकरा महिन्यांची, मी उद्या कुठे असेन कोणी सांगावं. अब्बांनी चष्मा पुसला, पहिली नळी चिमट्यात धरली आणि विचारलं, "लग्नाचं की वास्तुशांतीचं?" तू हसून हसून लोळलास.

मग दुकानात बसून तू आम्हाला समजावलंस. भर समुद्रात, जिथून किनारा दिसत नाही तिथे, पाचशे मीटर खाली अंधारात कोट्यवधी जीव असतात. कुणाच्या पोटावर दिव्यांच्या ओळी, कुणी काचेसारखे आरपार. दिवसभर खाली दडून बसतात आणि अंधार पडला की चरायला वर येतात, उजाडायच्या आत पुन्हा खाली. इतके दाट, की जहाजावरून आवाज सोडला तर त्यांच्यावरच आपटून परत येतो आणि यंत्राला वाटतं, तळ लागला. अब्बा म्हणाले, "म्हंजी तळ नसताना तळ दावत्यात? आन् रोज इतकी येरझार? आपल्या नारायणगावच्या जीपवाल्यांसारकी." माणसाला तिथे राहता येत नाही, म्हणून त्यांच्या मागोमाग खाली बुडी मारणारा कुपा, म्हणजे तुमचा ट्यूना, धरायचा, पोटात नळी शिवायची आणि सोडून द्यायचा. तो किती खोल गेला, किती थंडी, किती उजेड, सगळं नळी लिहून ठेवणार. शेजारी खोडदला आख्ख्या आकाशाकडे कान लावलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या असताना आमच्या घरातला शास्त्रज्ञ माशाच्या पोटात दैनंदिनी ठेवणार, याचं मला फार कौतुक वाटलं होतं. बोलले नाही. बोलायला हवं होतं.

अब्बांनी बारीक चौकशा केल्या होत्या, आठवतं? "दिसाला किती मासं?" तू म्हणालास, एक मिळाला तरी नशीब. "नळ्या नंबरानंच लावणार?" हो. "हातानं? तूच?" मीच, अब्बा. मग ते समाधानाने कोरत बसले. तीन दिवस. शेवटच्या दिवशी मला चहा आणायला पाठवलं आणि आल्यावर बघते तर एकच नळी अजून हातात, भिंगाखाली. म्हटलं, पत्त्याला इतका वेळ? म्हणाले, "भांडं हातात घेतलं की माणूस आधी नाव वाचतं. निगुतीनं घालाया लागतं."

मग तू मुंबईला जहाजावर गेलास. पुढचं तुला माहीत आहे आणि मलाही. अडीच महिन्यांनी नारायणगावच्या स्टँडवर उतरलास, अब्बांसाठी काचेच्या बाटलीत कसलासा दिवेवाला मासा घेऊन, आणि गेणभाऊ जीपवाला म्हणाला, "दानियालभाऊ, अब्बांचं लई वाईट झालं वो." तुला वाटलं पडले-बिडले असतील. दफन होऊन महिना उलटला होता. घरात शिरलास तेव्हा बाटली हातातच होती. तू मला एकच बोललास, "जहाजावरून मी फोन केला होता, आपा. तू म्हणालीस झोपलेत."

त्या फोनबद्दल मी काही लिहिणार नाही. अब्बा झोपले होते, हेच तेव्हा सांगितलं, तेच आता सांगते.

नळी कुठे पाठवू?

सायराआपा

ता. क. नळीवर कीट फार आहे. वासही जात नाही. रविवारी घासून ठेवते.


रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार

दानियाल,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सकाळी नळी घासायला घेतली. आपल्या घरात जे जे काळवंडतं ते चिंच आणि राखेनं निघतं, हा मला लहानपणापासूनचा भरवसा. एक बाजू घासली, पत्ता निघाला. अब्बांचा हात. तो वळणदार र, ती जुन्नरच्या 'न्न'ची कसरत, सगळं तसंच. पत्त्याखाली आकडा, २७. मग दुसरी बाजू घासली. तिकडे काही असायचं कारणच नव्हतं.

तिकडे अक्षरं आहेत.

मोहरीएवढी. आधी वाटलं ओरखडे आहेत. उन्हात नेलं, अब्बांचं भिंग काढलं. मग खालीच बसले. शेजारची सरूबाई भिंतीवरून म्हणाली, "काय झालं वं मॅडम? विंचू चावला का?" मी मान हलवली, तिने काय अर्थ घेतला कोण जाणे, हळद घेऊन धावत आली.

जे आहे ते उतरवून देते. एकही अक्षर माझं नाही.

"दानियाल, तू येशील तेव्हा मी नसेन. काम अर्धं टाकून येऊ नको. सायराला मीच गप्प बसवलं. तिला बोल लावू नको. अब्बा."

नऊ वेळा वाचलं. सरूबाईला दाखवलं, तिला वाचता येत नाही, तरी दाखवलं.

दानियाल, त्यांना जानेवारीतच कळलं होतं. नारायणगावच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो दाखवून दोन-तीन महिने सांगितले होते. मी म्हटलं, दानियालला थांबवू. ते म्हणाले, "मी त्याला सांगून ठिवलंय माझ्या रीतीनं. तू मधी पडू नको." मला खरं वाटलं. तू निघताना हसत होतास, मला वाटलं, काय पोरगा आहे, कळूनही चेहऱ्यावर दाखवत नाही. मग तुझा फोन आला आणि आवाजावरून कळलं की तुला काहीच माहीत नाही. तेव्हापासून मी अब्बांवर रागावलेली आहे. साडेसात वर्षं. दर शुक्रवारी कबरीवर फुलं वाहते आणि मनात म्हणते, मरताना खोटं बोललात.

खोटं बोलले नव्हते. पहिल्या नळीवर कोरलं असतं तर तू मुंबई सोडली नसतीस. दिवसाला एक मासा, म्हणजे सत्ताविसावी हातात येईपर्यंत तू महिनाभर आत गेलेला असशील, परत फिरता येणार नाही, असा हिशेब त्यांनी चहाच्या कपाएवढ्या वेळात मांडला. एवढंच गृहीत धरलं की भांडं हातात घेतलं की माणूस आधी नाव वाचतं. तू वाचलं नाहीस. नंबर बघितलास, माशाच्या पोटात घातलीस आणि शिवून टाकलीस.

अब्बा साडेसात वर्षं रोज पाचशे मीटर खाली जात होते आणि रात्री वर येत होते.

आता तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. आपा, मशीन तुझ्याच फडताळात आहे. कोरायला तूही शिकलीस. हे तूच केलंस. म्हणून मी चिठ्ठीवरच्या नंबरावर हर्णैला भागूबाईला फोन लावला. तिला विचारलं, तुम्ही चिठ्ठीत "तुम्ही आहात ना" असं का विचारलंत? ती म्हणाली, "अवो बाय, सुनेन वाचलान ना. 'मी नसेन' येवढाच लागला तिला. मग माझ्या जीवाला घोर, काका हायत का न्हाय." मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, "मंग मासा कापला म्हून बरा झाला."

तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर तिला विचार.

सायरा


शुक्रवार, २८ नोव्हेंबर, सकाळ

दानियाल,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या तू येशील तेव्हा ताटाशेजारी असेल, तुझ्या स्टीलच्या ग्लासाखाली.

परवा तुझा मेसेज आला, अनोळखी नंबरावरून. साडेसात वर्षांनी भाऊ बोलला तो असा: "घासू नकोस. देठ मोडेल. चिंच तर अजिबात नको." वाचून मी इतकी हसले की स्टाफरूममध्ये स्नेहल मॅडम घाबरल्या. देठ शाबूत आहे, शास्त्रीबुवा. चिंचेचं काय झालं ते तूच बघ.

तासाभराने दुसरा आला. "२७ मीच लावला. ९ मार्च, दुपारी. मासा पाण्याबाहेर चाळीस सेकंदांवर ठेवता येत नाही. मी नंबर पाहिला, वाचलं नाही. वाचलं असतं तर दोन दिवस होते. फोन होता. आपा, माझ्या हातात होतं." आणि तिसरा: "शनिवारी येतो. तुला उगाच बोललो. माफ कर."

गेणभाऊला सांगितलं आहे, स्टँडवर जीप घेऊन थांबेल. त्याला ताकीद दिली आहे की तोंड उघडायचं नाही. तो म्हणाला, "मॅडम, तवापास्नं मी कुणालाच काय सांगत न्हाई. पाऊस आला तरी सांगत न्हाई."

आता ऐक. तुझ्या त्या "माफ कर"नंतर मला दोन दिवस अन्न गेलेलं नाही.

अब्बांनी लिहिलंय, सायराला मीच गप्प बसवलं. कोरलेलं आहे, समुद्रातून आलेलं आहे, भागूबाईची साक्ष आहे. मी मान खाली घालून बसले तर जन्मभर कोणी काही विचारणार नाही. तूसुद्धा नाही. पण अब्बांनी ते जानेवारीत कोरलं. मार्चमध्ये काय होणार, हे त्यांना कुठे माहीत होतं?

तुझा फोन १० मार्चला संध्याकाळी आला. अब्बा झोपले नव्हते. उशीला टेकून बसले होते, शुद्धीत होते. तुझा आवाज रिसीव्हरच्या बाहेर येत होता, "आपा, ऐकू येतंय का, अब्बा कसे आहेत?" त्यांनी ओळखला. आणि दानियाल, त्यांनी हात पुढे केला. फोनसाठी. मला गप्प बसायची स्वतःच घातलेली शपथ त्यांची त्यांनीच मोडली होती आणि मला ते स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "झोपलेत." आणि फोन ठेवला.

त्यांनी हात लगेच मागे घेतला नाही. थोडा वेळ तसाच होता. मग गोधडीवर ठेवला. पहाटे गेले.

का ठेवला, याची उत्तरं मी साडेसात वर्षं तयार करते आहे. त्यांनीच सांगितलं होतं, हे एक. तुझं काम मोडेल, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींमागे मी दडून बसलेली आहे. खरं हे की दोन महिने रात्रंदिवस मी त्यांच्या उशाशी होते आणि माझ्यासाठी त्यांचा हात असा कधी पुढे आला नव्हता. तेवढ्या एका क्षणात मला ते सहन झालं नाही. बस्स. पंचवीस वर्षं पोरांना मत्सर हा षड्रिपूंपैकी सहावा म्हणून पाठ करून घेते. मोजताना कधी स्वतःकडे बोट गेलं नाही.

तुझे चाळीस सेकंद होते आणि हातात तडफडणारा मासा होता. माझ्याकडे संध्याकाळ होती, रात्र होती, नंतरचा आख्खा महिना होता, आणि जहाजाचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. तेव्हा माफी तू मागायची नाहीस.

उद्या तू उंबऱ्यात उभा राहिलास की मला हे बोलता येणार नाही, हे मला माहीत आहे. मी विचारीन प्रवास कसा झाला, आणि वाळलास म्हणेन, आणि ताट वाढीन. बोलायचं ते तोंडाने न बोलण्याचा रोग आपल्या घरात आहेच. म्हणून काल अब्बांचं मशीन काढलं, वायर बदलून आणली आणि तुझा ग्लास घेतला. तो तुझ्या बारशाला त्यांनी नाव घालून दिला होता. नावाखाली जागा होती. अक्षर त्यांच्याइतकं बारीक जमलं नाही, एका ठिकाणी सुई घसरली आहे. तीनच शब्द आहेत. फोन मीच ठेवला. खालचं सायरा हे नाव मोजलं तर चार.

नळी त्याच्या शेजारी ठेवली आहे, पुसून, देठासकट.

हे पत्र ग्लासाखाली आहे, म्हणजे ग्लास उचलल्याशिवाय ते तुझ्या हाती लागणार नाही. तू प्रवासातून तहानलेला येशील, पाणी मी भरून ठेवीन. मी स्वयंपाकघरात असेन, भाकरी तव्यावर असेल, पाठ तुझ्याकडे असेल. घाई करू नकोस. या खेपेला आधी वाच.